मंगळवारचा निरोप

सुलाबाई फडक्यातून नागलीची पेज गाळत होती, तेव्हा पडवीत खाटेवर पडलेल्या तिच्या नवऱ्याने, जयरामने, तिच्या सवतीचं नाव घेतलं.

प्रश्न अंजली सिस्टरचा होता. नाशिकच्या दवाखान्याची गाडी पंधरा दिवसांतून एकदा सुरगाण्याकडच्या त्यांच्या पाड्यावर येई, त्यातूनच ती यायची. घशाचा कॅन्सर बरा होणारा नाही, हे जयरामला कळून चुकलं होतं. मागच्या खेपेला डॉक्टरांनी उभ्या-उभ्याच, शेवटी कुठे ठेवायचं, असं विचारलं, तेव्हा तो कुशीवर वळला आणि त्यांच्याशी पुन्हा बोललाच नाही. अंजली पेठकडची, त्यांच्याच कोकणा जमातीतली. या खेपेला ती जमिनीवर बसली, यंदा भात कसा झाला ते विचारलं, मग त्याच्या बापाची आठवण काढली. बापाच्या तोंडात शेवटचं पाणी कोणी घातलं होतं? ते सांगता सांगता जयराम स्वतःवर आला. नळी घालायची नाही. घरातून हलवायचं नाही. भगत आला तर त्याला कोणी अडवायचं नाही. आणि शेवटचं पाणी नवसाबाईच्या हातचं.

अंजलीने ते सगळं लिहून घेतलं. सुलाबाईने पेजेचं भांडं त्याच्या उशाशी ठेवलं, जरा आपटूनच.

मूल होईना म्हणून नवसाबाईला या घरात सुलाबाईनेच मागून आणलं होतं. मूल तिलाही झालं नाही, पण म्हणून ती काही परत गेली नाही. आता दिवाळीपासून ती दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला होती. जयरामची जखम धुवायची सुलाबाईने, थुंकीची वाटी उचलायची सुलाबाईने, वास सोसायचा सुलाबाईने. आणि पाणी मात्र नवसाबाईच्या हातचं.

शिमग्याआधीच्या मंगळवारी सकाळी अंजली आली. नाडी पाहून तिने सुलाबाईला बाजूला घेतलं. दोन दिवस, फार तर तीन. नवसाबाईंना बोलावून घ्या, म्हणाली. सुलाबाईने मान हलवली. गाडी गेल्यावर तिने फोन हातात घेतला आणि तसाच फडताळात ठेवून दिला.

त्या दिवशी तिने पाणी तापवून त्याचं अंग पुसलं. केस विंचरले. खाट कोवळ्या उन्हात ओढली. खाली रस्त्यावर गाडी वाजली की जयरामचे डोळे पायवाटेकडे जायचे. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा सुलाबाई खाट आणि वाट यांच्या मधोमध येऊन बसली. दुपारी त्याने दोन चमचे पेज घेतली आणि तिचं मनगट धरून झोपला. तिने हात सोडवला नाही. शेळी दावं तोडून दुसऱ्याच्या वाडीत शिरली, तरी ती उठली नाही.

बुधवारी उजाडताना त्याचा श्वास बदलला. तेव्हा तिने फोन लावला.

"ये," एवढंच म्हणाली.

दुपारी नवसाबाई जीपमधून उतरली. तिने चमच्याने पाणी घातलं. अर्धं आत गेलं, अर्धं ओघळलं. दिवस मावळायच्या आत जयराम गेला. पाड्यावरच्या बाया म्हणत राहिल्या, नवसासाठीच थांबला बघा. सुलाबाई ऐकत राहिली.

पाहुणे पांगल्यावर दोघी त्याच्या गोधड्या घेऊन नदीवर गेल्या.

"मंगळवारीच सांगायचं व्हतं तुला," सुलाबाई म्हणाली. "मी मुद्दाम सांगितलं नाय."

नवसाबाई गोधडी दगडावर घासत होती. तिचा हात थांबला नाही.

"सिस्टरचा फोन आला व्हता मला. मंगळवारीच, सकाळी."

"मंग?"

"मुकादम जा म्हणला. जीप पण उभी व्हती. तुझा फोन येईस्तवर मीच नाय बसले."

नवसाबाईने भिजून जड झालेली गोधडी पाण्यातून ओढून काढली आणि तिचं एक टोक पुढे केलं.

"धर, बाई," ती म्हणाली. "एकटीला पिळवायची नाय ही."