बोटाला लागलेला चेंडू

"आई, खाली बस! मागच्यांना दिसत नाही," मुलगा माझा हात ओढत म्हणाला.

"त्यांनाही म्हणावं, उभे राहा! सामना बघायला आलेत की झोपायला?"

बसणार कशी? एक गुण मिळाला की आमचा संघ अंतिम फेरीत! आणि नेटपाशी माझी नात. उंचीमुळे घरात आम्ही सगळे तिला काठी म्हणतो. तिच्या शर्टावर पुढे सिमेंटची जाहिरात, पाठीवर साबणाची, बाहीवर कसल्याशा पेयाची. तिचं स्वतःचं नाव शोधावं लागत होतं. आज चमकली तर पुढच्या वर्षीचा करार, नाहीतर घरी, असं प्रशिक्षकानं तिला बजावलं होतं.

आम्ही बल्बच्या कारखान्यातल्या बायका व्हॉलीबॉल खेळायचो ते शेडच्या मागे, जेवणाच्या सुट्टीत. फिटर लोक भिंतीवर बसून शिट्ट्या मारायचे; दोन बोटांची शिट्टी मी त्यांच्याकडूनच शिकले. एकदा बक्षीस म्हणून बल्बची पेटी मिळाली, तर सासूबाई म्हणाल्या, "लेकुरवाळी बाई उड्या मारून उजेड पाडून आली!" पण बल्ब मात्र त्यांनीच साऱ्या शेजाऱ्यांना दाखवले.

समोरच्या पोरीनं उसळी घेतली. काय मारला चेंडू! काठी तिच्याबरोबरच उडाली, दोन्ही हात नेटच्या वर. चेंडू रेषेबाहेर पडला. पंचानं गुण आम्हाला दिला. जिंकलो! मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना मिठीच मारली.

"अहो आजी, थांबा," ते म्हणाले. "ती हात का वर करतेय?"

काठी एकटी हात वर करून उभी होती. चेंडू तिच्या बोटाला लागून बाहेर गेला होता, म्हणजे गुण समोरच्यांचा. पंचाला दिसलं नव्हतं, समोरच्यांना कळलं नव्हतं. गुण फिरला, बरोबरी झाली.

"वेडी आहे का ही?" मुलगा ओरडला. मग माझ्याकडे वळला. "हे तू शिकवलंस!"

मीच शिकवलं. शेडमागे आम्हाला पंच कुठला? जिच्या बोटाला लागला तिनंच सांगायचं. न सांगणारीशी दुसऱ्या दिवशी कामावर कुणी बोलायचं नाही. तोच खेळ मी काठीला शिकवला. दुसरा मला येतच नव्हता. ती छान खेळली की मी फिटर लोकांसारखी शिट्टी मारायचे.

प्रशिक्षकानं तिला बाहेर काढलं. पुढचे दोन्ही गुण गेले. सामना गेला.

"गेला करार," मुलगा मटकन बसला.

काठी बाकावर डोक्यावरून टॉवेल घेऊन बसली. तिच्याशेजारची जागा रिकामी. वर मोठ्या पडद्यावर साबणाच्या जाहिरातीत तीच केस उडवत हसत होती.

मला राहवेना. मी कवळी काढली आणि मुलाच्या हातात दिली.

"आई! काय करतेस? लोक बघतायत!"

"बघू देत की."

दोन बोटं तोंडात घातली. पहिल्यांदा नुसती हवा. शेजारचे गृहस्थ हसले. दुसऱ्यांदा थुंकी. तिसऱ्यांदा अशी सणसणीत शिट्टी वाजली की पुढच्या रांगेतली माणसं दचकून मागे वळली.

खाली टॉवेल हलला. काठीनं मान वर केली आणि ती एकेक रांग शोधू लागली.