आत्याचा मान

सोहमच्या मुलीच्या बारशाचं सगळं ठरलं होतं. बदलापुरात सोहमच्या घराजवळचा कात्रपचा हॉल, जेवण, पाळण्याची फुलं, अगदी पानसुपारीसुद्धा. ठरलं नव्हतं ते फक्त नाव, आणि ते ठरलं नाही हे आमच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना कळलं होतं.

मी सोहमची मोठी बहीण, म्हणजे मुलीची आत्या. नाव आत्यानं ठेवायचं, हा आमच्याकडचा मान. हल्ली हा मान म्हणजे पाळण्यापाशी वाकून फोटो काढून घेणं. नाव आईबापांनी मोबाइलवर बघून आधीच पक्कं केलेलं असतं. सोहम मात्र म्हणाला, "ताई, नाव तूच ठेवायचं. आम्ही मध्ये पडणार नाही." त्याची बायको राजसी शेजारीच बसली होती. तिनंही मान हलवली.

मी लगेच हो म्हटलं, कारण माझ्याकडे नाव तयार होतं. शाल्मली. माझी मुलगी जन्मली ती श्वास न घेताच. तिच्यासाठी ठरवलेलं हे नाव मला आणि हेमचंद्रला, आम्हा नवराबायकोलाच ठाऊक. पुढे आम्हाला मूल झालं नाही, पण नाव माझ्याजवळ राहिलं. कुणाच्या तरी अंगावर ते एकदा चढावं, एवढीच माझी इच्छा होती. ती मी कधी कुणाला सांगितली नाही, आणि आता न सांगताच पुरी होणार होती.

बारशाआधी नाव फोडायचं नाही, म्हणून मी गप्प राहिले. मी गप्प म्हटल्यावर बाकीच्यांना कंठ फुटला. आईनं फोन करून सांगितलं की पत्रिकेत 'च' आलाय, चारुलता ठेव, नाहीतर पुढे लग्नाला अडचण येते. पोरगी सव्वा महिन्याची आणि हिला लग्नाची घाई! श्यामकांतकाका फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी एक नाव अर्थासकट टाकायचे, आणि प्रत्येक नावाचा अर्थ देवीचं एक रूप असाच निघायचा. उल्हासनगरला झबली घ्यायला गेले, तर दुकानातला हरेशही सोडेना.

"दीदी, नाम ऐसा रखो जो फॉरेन में भी चले. मायरा, कियारा. ये 'ळ' वाले नाम उधर कौन बोलेगा?"

"हरेशभाई, अजून तिला मान धरता येत नाही. फॉरेनचं नंतर बघू. आधी हे टोपडं केवढ्याला ते सांगा."

नाव ठेवायला एक आत्या पुरते, नावं ठेवायला अख्खं बदलापूर गोळा होतं. मी सगळ्यांना "बघू" म्हणत होते आणि मनातल्या मनात हसत होते. बोला काय बोलायचं ते. कानात सांगणार मीच.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी झबली द्यायला कात्रपला गेले. आईनं दार उघडलं आणि पुन्हा 'च' सुरू केला. तो चुकवायला मी आतल्या खोलीकडे वळले, तर राजसीचा आवाज आला. ती मुलीला तेल लावत होती.

"उमाबाई, पाय कुणाचा हा? आमच्या उमाचा? हो का गं उमा?"

आणि ती पोर तिच्या तोंडाकडे बघून चक्क हुंकार देत होती. मला पाहिल्यावर राजसीचा हात थांबला.

"असंच हो, ताई. लाडानं म्हणते."

"कधीपासून?"

"पोटात होती तेव्हापासून," ती हळूच म्हणाली. "मुलगी झाली तर उमा, असं मनात होतं. दुसरं काही नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा मान आहे ना. आणि सोहम म्हणाले, ताईनं खूप सोसलंय. तिला एवढं तरी मिळू दे."

मी झबली पलंगावर ठेवली आणि चहा न घेताच निघाले. अंबरनाथला घरी जायच्या रिक्षात नुसती धुमसत होते. मान म्हणून दिला म्हणावं आणि आत बघावं तर दया! कुणी मागितली होती यांची दया? चिखलोली मागे पडली तेव्हा कुठे डोकं जरा निवलं. मग कळलं, मला दयेचा राग आला नव्हता. पोटावर हात ठेवून मीही अशीच हाक मारायचे. तेव्हा कुणी येऊन दुसरं नाव ठेवलं असतं, तर मी त्या माणसाला उभ्या जन्मात माफ केलं नसतं. राग याचा होता, की ते दुसरं नाव ठेवणारं माणूस आता मीच होते.

घरी हेमचंद्रला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू शाल्मली ठेवलंस तरी कुणी हू की चू करणार नाही."

"तीच तर पंचाईत आहे," मी म्हटलं.

बारशाला झाडून सगळे आले. पाळणा म्हणून झाला. काकांनी खिशातून चष्मा काढला, आई माझ्या कानाशी लागली. मी पदर खोचला आणि सरळ जाहीर केलं, "ज्याला ज्याला नाव सुचवायचंय, त्यानं बाळाच्या कानात सांगावं. ऐकणारी ती. मोठ्यानं मात्र फक्त आत्या बोलेल."

कुजबुज झाली, पण तक्रार करायला जागा कुठे होती? रांगच लागली. आईनं चारुलता सांगून घेतलं. काकांनी अर्थही सांगितला बहुतेक, कारण ते बराच वेळ उठेनात. ज्यांना आठवडाभर आवरत नव्हतं, ती माणसं एकदा त्या कानात बोलली आणि समाधानानं जाऊन खुर्चीवर बसली. राजसी तेवढी जागची हलली नाही.

शेवटी मी वाकले. तेलाचा आणि पावडरीचा वास आला. त्या एवढ्याशा कानाला ओठ टेकवून मी म्हटलं, "शाल्मली."

इतक्या वर्षांत ते नाव पहिल्यांदा एका मुलीच्या कानात गेलं. तिनं ते ऐकून घेतलं, मिटल्या मुठीनं माझा गाल घासला आणि जांभई दिली.

मग मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उमा!"

राजसीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "कुर्रर्र" करत बायका धावल्या आणि रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाधप बुक्के घालू लागल्या. मला रडू फुटलं, ते काही केल्या आवरेना.

"अगं हळू," आई ओरडली, "लागतंय तिला!"

"मारू दे," मी म्हटलं. "अजून मारा."