एक्केचाळीस नंबरची बाटली

पाच वर्षं वाळवीवर संशोधन करून माणसाला काय मिळतं? आपल्या नायिकेला टोपणनाव मिळालं. हॉस्टेलपासून कँटीनपर्यंत सगळे तिला ‘वाळवी’च म्हणायचे. हल्ली तर घरी आत्याही तीच हाक मारायला लागली होती.

पदवी मात्र अडकली होती. विद्यापीठानं नवा नियम काढला होता: प्रबंध कितीही जाडजूड असो, बाहेर कुठंतरी तीन महिने काम केल्याचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय पदवी नाही. म्हणून ती नोकरी मार्गदर्शन कक्षात गेली. भिंतीवर पोस्टर होतं, ‘तुमच्यापुढे शंभर वाटा!’ कक्षप्रमुखांनी यादीवरून बोट फिरवलं. विमा विकणे. मोबाइल विकणे. विमा विकणाऱ्यांना विकायला शिकवणे.

“विषय काय म्हणालात? वाळवी? अहो, मग फवारणीवाले आहेत की!”

“सर, मी तिचा अभ्यास करते. मारत नाही.”

“अभ्यास झाला ना करून? मग आता मारा.”

झालं. शंभरातली एक वाट पकडून बाई फवारणी कंपनीत दाखल.

तिथले साहेब म्हणजे नुसता साखरेचा पाक. पहिल्याच दिवशी म्हणाले, “ताई, तुमच्याकडं वाळवीचे नमुने असतील ना? आमचे संपलेत.”

पाच वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच तिचे नमुने बघायला मागितले होते! साहेब नवीन पोरांना शिकवत असतील, असं समजून तिनं स्पिरिटमध्ये ठेवलेल्या वाळवीची एक अख्खी बाटली आणून दिली. नंबर एक्केचाळीस. साहेबांनी ती खिशात टाकली आणि हिला बादलीत औषध ढवळायला बसवलं. तीन महिने ती ढवळत राहिली.

शेवटचा दिवस उजाडला. प्रमाणपत्र टाइप होऊन तयार होतं, फक्त साहेबांची सही राहिली होती. पाचच्या आत ते कक्षात पोचलं नाही, तर पदवी वर्षभर पुढं.

“एक शेवटचं काम, ताई,” साहेब म्हणाले. “मोठं गिऱ्हाईक आहे. अहवालावर तज्ज्ञ म्हणून तुमची सही हवी. तिथल्या तिथं मी तुमच्या कागदावर करतो.”

गिऱ्हाईक कोण? तर तोच मार्गदर्शन कक्ष!

साहेब थेट तिथल्या तपकिरी कपाटामागं घुसले. “अरे बापरे! अरे देवा!” करत आतून बराच वेळ कण्हले आणि मूठ मिटून बाहेर आले. टेबलावर मूठ उघडली. पंधरावीस वाळव्या.

“बघा! कपाट पार पोखरलंय. अख्ख्या इमारतीला फवारणी लागणार.”

कक्षप्रमुख खुर्चीसकट मागं सरकले. मग नाक मुरडून म्हणाले, “पण यांना दारूचा वास कसा काय येतोय?”

“लाकूड आंबतं ना पोटात,” साहेब डोळ्याची पापणीही न हलवता म्हणाले.

ती वाकली. एकीची डावी मिशी अर्धी तुटलेली होती. तिचं चित्र काढण्यात हिनं अख्खा महिना घालवला होता. आपल्या माणसाला कोण ओळखणार नाही?

“ताई, सही,” साहेब कुजबुजले. एका हातात अहवाल, दुसऱ्या हातात प्रमाणपत्र. घड्याळात पावणेपाच.

ही वाळवी फक्त गवत खाते, लाकडाला तोंड लावत नाही, हे तिनं तीनशे बारा पानं भरून लिहिलं होतं. आता इथं सही केली, तर पदवी मिळणार होती, पण ज्यांच्यासाठी मिळणार ती तीनशे बारा पानं खोटी ठरणार होती. तिनं पेनाला टोपण लावलं.

“ही माझी आहे.”

“काय तुमची?” कक्षप्रमुख म्हणाले.

“वाळवी. एक्केचाळीस नंबरची बाटली. ती मेली त्याला चार वर्षं झाली, आणि जिवंत होती तेव्हाही गवतच खायची. आणि सर,” तिनं कपाटामागं पडलेली रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि कपाटावर टिचकी मारली. टण्ण! “हे पत्र्याचं आहे. लाकडाचा नुसता रंग दिलाय.”

साहेबांनी स्वतः एकदा वाजवून बघितलं. टण्ण. त्यांनी प्रमाणपत्राची चौघडी करून खिशात घातली, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बाटलीही घेऊन जायला लागले.

“ती ठेवा खाली,” ती म्हणाली. साहेबांनी ठेवली.

“वाचवलंत हो आम्हाला!” कक्षप्रमुख हात जोडून म्हणाले. “पण प्रमाणपत्र नाही म्हणजे... नियम आहे शेवटी.”

तिनं त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढला. ‘मी तीन महिने काम केले. शेवटच्या दिवशी तुमच्या कक्षात मला खोटे लिहायला सांगितले. मी लिहिले नाही. साक्षीदार: कक्षप्रमुख. सोबत पुरावा: बाटली एक.’

“हे घ्या. पोच द्या.”

“अहो, हे चालत नाही!”

“मग तेवढंच लिहून द्या. खोटं बोलायला नकार दिल्यामुळं पदवी नाकारण्यात येत आहे. खाली सही, शिक्का आणि तारीख. मी बसते.”

ती बसली. चार पंचावन्न. कक्षप्रमुखांनी कागदाकडं बघितलं, बाटलीकडं बघितलं, कागदाखाली सहीसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेकडं जरा जास्तच वेळ बघितलं. चार अठ्ठावन्नला त्यांनी ड्रॉवर उघडला आणि तिच्या अर्जावर धाडकन शिक्का मारला: ‘मिळाले’.

“पुढं समिती काय ते ठरवेल,” ते पुटपुटले. “माझ्या हातात काही नाही.”

“ठरवू दे. समितीलाही पोच मागेन.”

जाता जाता तिनं पोस्टरवरच्या ‘शंभर’वर काट मारून वर नव्व्याण्णव लिहिलं.