राघोच्या विमानाचा पत्रा

मी एका लहान विमानाच्या पंखाचा पत्रा आहे. होतो, असं म्हणायला हवं. नंतरची पन्नास वर्षं मी भाताच्या पिंपावरचं झाकण होतो.

ते विमान भिवंडीजवळच्या पडघ्याचा राघो चालवायचा. १९५७च्या आषाढात तो मुंबईहून एकटाच नाशिकला निघाला. पुढे ढगांची भिंत लागली, म्हणून मागे वळला आणि भिवंडीलगतच्या दापोड्याच्या खाडीत आम्ही कोसळलो. लोकांनी घाटातलं रान पिंजून काढलं. खाडीकडे कोणी फिरकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी खेकडे धरायला आलेल्या अठरा वर्षांच्या बाळारामला आम्ही दिसलो. राघोचा श्वास केव्हाच थांबला होता. बाळारामचा बाप म्हणाला, "पोलीस आपल्यालाच धरतील." दोघांनी राघोला आपल्या शेताच्या बांधाखाली पुरलं. पडघ्याचा राघो हरवल्याची बातमी पुढे त्यांच्याही कानावर आली. विमान चिखलाने गिळलं. मी तेवढा निखळलो होतो, म्हणून बाळारामने मला घरी नेलं आणि कडी बसवायला चार भोकं पाडली.

त्याची बायको धोंडूबाई मला रोज पुसायची. मी स्वच्छ, कोरडा, सुखात होतो. याचीच मला लाज वाटते.

२००७ साली बाळारामची नात मनाली भिवंडीच्या कॉलेजात इतिहास शिकवू लागली होती. तिला माझ्या आतल्या बाजूला पुसट आकडे दिसले. राघोच्या हरवलेल्या विमानाची बातमी तिने जुन्या वर्तमानपत्रात वाचली होती, म्हणून तिने जाणकारांना बोलावलं. राघोची धाकटी बहीण राहीबाईही पडघ्याहून आली.

कॉलेजात टेबलावर मला ठेवून वाद सुरू झाला. निवृत्त विमान मेकॅनिक रिव्हेटांमधली अंतरं मोजून म्हणाले, "त्याच जातीचं विमान. शंकाच नको."

पुरातत्त्वाच्या बाईंनी मान हलवली. "जात जुळली म्हणून तेच विमान होत नाही. आकडे अर्धे गेलेत. ही चार भोकं तर घरात पाडलेली. भिवंडीच्या भंगारात कुठलाही पत्रा येतो. हा सापडला कुठे, ते सांगा."

"आजोबा, कुठून आणलात?" मनालीने शेजारी बसलेल्या बाळारामला विचारलं.

बाळाराम माझ्याकडे बघत राहिला. "भंगारातून."

बाईंनी तसं लिहून घेतलं. मेकॅनिकनी चष्मा काढून ठेवला. मला ओरडावंसं वाटलं, पण पत्र्याला कुठला आवाज?

राहीबाई उठली. माझ्यावर तळवा ठेवून म्हणाली, "आई मरंस्तवर घाटाकडं तोंड करून बसायची. म्हनायची, राघो तिकडूनच येल."

ती दारापर्यंत गेली आणि बाळारामला हुंदका फुटला. "भंगारातला न्हाय, बाय. माझ्या हातानं मी त्याला पुरलाय."

दुपारी सगळे दापोड्याला गेले. मी मनालीच्या काखेत होतो. बाळारामने बोट केलं तिथे गोदाम होतं, ट्रक माल उतरवत होते. चार वर्षांपूर्वी ती जमीन त्यानेच विकली होती. वर पुरुषभर भराव, त्यावर काँक्रीट.

"खोदल्याशिवाय हा पुरावा होत नाही," पुरातत्त्वाच्या बाई हळूच म्हणाल्या. "आणि खोदू कोण देणार?"

राहीबाईने ते ऐकलंच नाही. तिने बाळारामला विचारलं, "त्याच्या अंगावर काय घातलंत?"

"बापानं घोंगडी घातली. स्वतःची."

तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "घोंगडी दिलीत, ते बरं केलंत. पन सांगावा न्हाय दिलात. पडघा काय लांब हाय?"

बाळाराम खाली बसला. ती पडघ्याच्या रिक्षात चढली. त्याच्याकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

आता मी कॉलेजच्या काचेच्या कपाटात असतो. खाली चिठ्ठी आहे: 'विमानाचा भाग. ठिकाण अनिश्चित.' बाईंची चूक नाही. त्यांना हाडं हवीत, आणि ती गोदामाखाली आहेत.

तुमच्या घरात कुणा परक्याची वस्तू पडून असेल, तर ती कुठून आली ते सांगून टाका. ज्यांना ऐकायचं आहे, ती माणसं म्हातारी होत चालली आहेत.