क्वार्टरचा मॅप

त्या दिवशी सकाळपासून भिलाईवर धुकं होतं, त्यात स्टील प्लांटचा धूर मिसळलेला, आणि उशिरानं निघालेलं ऊनही असं फिकं की अंगावर पडलं तरी कळू नये. गुलाबराव शाल गुंडाळून कॉम्प्युटरसमोर बसले होते. जन्मभर प्लांटच्या भट्टीत विटा बसवलेल्या या माणसाला वाचता येत नव्हतं. पण मुलानं, रूपेशनं, पुण्याला नोकरीवर जाताना गोळीबाराच्या खेळाचे मॅप, म्हणजे खेळायच्या जागा, कशा बांधायच्या ते बटणांच्या रंगांवरून शिकवलं, आणि म्हाताऱ्याला त्याचं असं वेड लागलं की विचारू नका. त्यांनी जवळची नंदिनीची चुनखडीची खाण बांधली, रोलिंग मिल बांधली. रविवारी रूपेश आणि त्याचे मित्र त्यात शिरून एकमेकांना टिपायचे.

"बाबा, छुपायले जागाच नाही ठेवली तुमी! सब मर गए!" रूपेश फोनवर ओरडायचा.

"मंग मरा ना बापा," गुलाबराव हसायचे.

यंदा मात्र ते स्वतःसाठी बांधत होते. सेक्टरमधलं त्यांचं जुनं, प्लांटनं दिलेलं क्वार्टर पाडलं गेलं होतं. बायको, भागाबाई, त्याच्या आधीच वारली. ते घर तिच्या वेळी होतं तसं एकदा, नुसतं एकदा, फिरून पाहायचं होतं, डोळे मिटायच्या आत. हिरवा ओटा, लोखंडी खाट, आणि स्वयंपाकघराचं ते मागचं दार, ज्यातून भागाबाई रोज सांजेला वाटी घेऊन शेजारच्या वच्छलाबाईकडे विरजण मागायला जायची आणि गप्पांत अशी रमायची की इकडे दूध पार निवून जाई.

त्या दारापाशीच काम अडलं. या खेळात मॅप चहूबाजूंनी बंद लागतो, कुठं भोक राहिलं तर तो सुरूच होत नाही. आणि मागचं अंगण तर अजून बांधायचं होतं. तेव्हा गुलाबरावांनी तेवढ्यापुरतं ते दार विटांनी बुजवलं आणि आत शिरले.

घर अगदी तसंच होतं. ते शेगडीपाशी उभे राहिले, डोळे भरून पाहत, आणि पावलं वाजली. खेळात पावलं वाजतात ती चालणाऱ्याची. ते तर उभे होते, आणि मॅपमध्ये दुसरं कुणी ठेवलंच नव्हतं. पावलं भिंतीपलीकडून, जिथं अजून जमीनसुद्धा नव्हती तिथून, बुजवलेल्या दाराशी आली, थांबली आणि परत गेली.

आवाजाचा बिघाड असेल म्हणून त्यांनी सगळं बंद करून पुन्हा लावलं. पावलं पुन्हा आली. हळू, डावा पाय जरा ओढत. ती ओढ त्यांनी संसारभर ऐकली होती. त्यांनी विटा काढल्या, तर मॅप उघडेना. परत बुजवून आत गेले, तेव्हा पलीकडे काहीच वाजत नव्हतं. बराच वेळ उभे राहिले. काहीच नाही.

मग ते बाहेर पायरीवर येऊन बसले. जामुलच्या रस्त्यावरच्या या नव्या घराला मागचं दार नव्हतंच. वच्छलाबाईनंही इथंच घर घेतलेलं, इथंही ती शेजारीणच. खाटेवर कोहळ्याच्या वड्या घालत बसली होती. गुलाबराव आत काय करतात ते तिला ठाऊक नव्हतं, त्यांचा कॉम्प्युटर तिनं कधी पाहिलाही नव्हता. मान वर न करता ती म्हणाली,

"कावून जी भाऊ, मागचं दार बुजवलं? भागा वाटी घेऊन माह्याच घरी बसून राहिली. घरी कशी जाऊ म्हनते."