पदवीचे दोनशे चाळीस गोळे

तिरामिसूचे गोळे वळता येतात हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं. कळलं नसतं तरी माझं काही अडलं नव्हतं.

तीस वर्षं मी त्रेविझोच्या बाजारात कॉफीचा बार चालवला. रोज सकाळी तिरामिसूचा एक ट्रे लावायचा. कॉफीत बुडवून लगेच बाहेर काढलेली सावोयार्दी बिस्किटं, त्यावर अंडी फेटून घातलेलं मास्कारपोने चीज, पुन्हा बिस्किटं, पुन्हा मास्कारपोने, आणि सगळ्यात वर कोको. चमचा खाली जाताना प्रत्येक थर हाताला कळला पाहिजे. आणि आता माझी धाकटी बहीण लोरेदाना मला शिकवत होती, की बिस्किटांचा चुरा करायचा, त्यावर कॉफी शिंपडायची, चीज कालवायचं आणि गोळे वळायचे. ओव्हन नको, साचा नको, अक्कल तर नकोच नको.

"थर कुठे गेले?" मी विचारलं.

"थर कुणाला हवेत, नॉर्मा? लोक उभ्याने खाणार. एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात फोन. चमचा काय कानात खोचतील?"

"म्हणजे औषधाच्या गोळीसारखं तोंडात टाकायचं आणि गिळायचं."

"समोरच्या बोर्तोलिनबाईंनी लेकीच्या, मारिकाच्या पदवीला इवलेइवले काचेचे पेले ठेवले होते. आठवतंय? आपलं त्याहून लहान पाहिजे."

आमच्या गावात हल्ली असं झालंय. पूर्वी ज्याचा ट्रे मोठा त्याचा मान मोठा. आता जो सगळ्यात चिमुकलं काहीतरी ताटलीत ठेवील तो सुधारलेला.

"आणि अंडं घालायचं नाही," लोरेदाना म्हणाली. "जुलै आहे. कुणाचं पोट बिघडलं तर लोकांच्या लक्षात पदवी राहील की हगवण?"

मी वाद सोडला. पदवी तिच्या मुलाची होती. देनिस, वय सव्वीस, पादोवाच्या विद्यापीठात सहा वर्षं इंजिनीअरिंग. नवरा गेल्यापासून लोरेदाना या एका दिवसावर जगत होती. उद्या सकाळी अकराला समारंभ, दुपारी एकला पाहुणे, साठ माणसं, माणशी चार गोळे. लॉरेलच्या पानांचा मुकुट फुलवाल्याकडे सांगून झाला होता, लाल फितीसकट.

गोळे आम्ही तळघरातल्या स्वयंपाकघरात वळत होतो. आमच्याकडे सगळ्यांचं असंच असतं. वरचं स्वयंपाकघर दाखवायला, खालचं रांधायला. लोरेदानाचा वरचा ओव्हन बारा वर्षांचा आहे आणि अजून एकदाही तापलेला नाही. त्यात ती टपाल आणि कागदपत्रं ठेवते.

मला मात्र आठवडाभर एक गोष्ट खुपत होती.

आमच्याकडे पोराला पदवी मिळाली की मित्र भर चौकात त्याची अब्रू काढतात. माणसाएवढा कागद, त्यावर त्याचं उघडंनागडं व्यंगचित्र, खाली यमकं जुळवून लिहिलेली त्याची सगळी कुलंगडी. त्याला काहीतरी भलतेच कपडे घालायचे, डोक्यावर मुकुट चढवायचा, आणि तो कागद त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यायचा. अडखळला की दारूचा घोट. याला पापिरो म्हणतात. त्यासाठी मित्र महिनाभर आधीपासून आया, मावश्या, शेजारणी यांच्या मागे लागतात. हा लहानपणी किती वर्षांपर्यंत अंथरुणात मुतायचा, पहिली मुलगी कुणी नाकारली, सगळं खणून काढतात. मारिकाच्या वेळी तिचे मित्र माझ्याकडेसुद्धा आले होते. मी कोण, तर समोरच्या बाईची बहीण! तरी मी त्यांना पाद्रीबाबांच्या सायकलचा किस्सा रंगवून सांगितला होता.

देनिससाठी कुणी आलं नाही. माझ्याकडे नाही, लोरेदानाकडे नाही. एवढा रसाळ माल साठवून मी बसले होते आणि तो कुणी मागायलाच आलं नाही. ज्याचा पापिरो कुणी लिहीत नाही, त्याची पदवी तरी आहे का?

देनिस माझ्यासमोर बसून गोळ्यांचं वजन करत होता. डोक्याला प्लास्टिकची टोपी, अंगात आईचा एप्रन. प्रत्येक गोळा अठरा ग्रॅम. लोरेदाना वर फोनवर फुलवाल्याशी भांडत होती.

"देनिस, तुझा पापिरो कोण लिहितंय?"

"मित्र."

"कोणते?"

त्याने गोळा काट्यावर ठेवला. अठरा. उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा अठरा.

"उद्या पदवी आहे ना रे?"

"नाही."

त्याने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी पुढचाही गोळा वळून टाकला. मग हात पुसले.

तीन वर्षांपूर्वी तो एका परीक्षेत नापास झाला होता. घरी सांगितलं, पास झालो. पुढच्या परीक्षेला बसायलाच गेला नाही, आणि घरी सांगितलं, तीसपैकी अठ्ठावीस गुण मिळाले. तेव्हापासून रोज सकाळी आगगाडीने पादोवाला जायचं, स्टेशनाजवळच्या वाचनालयात बसायचं आणि संध्याकाळी परत यायचं.

"तीन वर्षं तिथे करतोस काय?"

"शब्दकोडी सोडवतो. पेपरात येतात ना, ती."

"आणि उद्या काय करणार होतास?"

"माहीत नाही." तो कोकोच्या ताटलीकडे बघत होता. "सोमवारी गाडी काढून पियावे नदीच्या पुलापर्यंत गेलो होतो, मावशी. बराच वेळ थांबलो. मग परत आलो."

अशी पोरं आमच्याकडे अधूनमधून पेपरात येतात. पदवीच्या आदल्या दिवसाची तारीख असते, आणि शेजारी सांगतात की मुलगा फार शांत होता. मी उठून त्याचं टोपीसकट डोकं छातीशी धरलं. मला भयंकर भीती वाटत होती, आणि रागही येत होता, त्याचा, तिचा आणि स्वतःचा. सहा वर्षांत मी तरी त्याला 'अभ्यास कसा चाललाय' यापलीकडे काय विचारलं होतं?

"तू सांग ना आईला," तो म्हणाला.

"मी नाही. मी सांगितलं तर ती माझ्यावर ओरडेल आणि तुझं तुझ्यापाशीच राहील. तू सांग. मी शेजारी उभी राहते. पण आज. आत्ता."

लोरेदाना जिना उतरत आली ती बोलतच. "डोक्याचं माप विचारतोय मूर्ख! मुकुट आहे की हेल्मेट?" तिने हातमोजे चढवले आणि मिश्रणात हात घातला.

"आई," देनिस उभा राहिला. "उद्या माझी पदवी नाहीये. परीक्षा राहिल्यात. मी खोटं बोललो."

लोरेदानाने एक गोळा वळला. कोकोत घोळवला. कागदी वाटीत ठेवला.

"माहितीये," ती म्हणाली.

मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं.

"मार्चमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं होतं. ओव्हनमध्ये आहे." तिने दुसरा गोळा घेतला. "आता नीट ऐका. सभागृहात तशीही घरचीच माणसं सोडतात. उद्या आपण तिघं पादोवाला जायचं. दारासमोर उभं राहायचं, मुकुट घालायचा, फोटो काढायचे. एकला पाहुणे, दोनला गोळे. पुढच्या वर्षी खरी पदवी घे, गुपचूप. कोण कागद बघायला मागतंय? आणि नॉर्मा, पापिरो तू लिही. तुझं अक्षर पोरांसारखंच घाण आहे."

"तुला मार्चपासून माहीत होतं?" देनिसने विचारलं.

"हो."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"तू बोललास?"

मी कबूल करते, घटकाभर मला ती युक्ती पटली होती. साठ माणसं, मुकुट, एवढा कालवून ठेवलेला माल. पापिरोच्या पहिल्या दोन ओळी डोक्यात तयारसुद्धा झाल्या, आणि यमक चांगलं जुळत होतं. माणूस किती हलकट असतो बघा.

"बस आता," लोरेदाना म्हणाली. "अजून सत्तर व्हायचेत. आणि तुझे मोठे होतायत."

"अठरा ग्रॅमच आहेत."

"मग पंधराचे कर."

देनिस बसला नाही. त्याने फ्रीज उघडला, भरलेला एक ट्रे काढला आणि जिना चढून गेला. फाटक वाजलं, तेव्हा लोरेदानाने मान वर केली.

"कुठे चाललाय हा?"

आम्ही दोघी धावत वर गेलो. वरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची झडप थोडी किलकिली केली. देनिस रस्ता ओलांडत होता, तसाच, एप्रन आणि प्लास्टिकच्या टोपीत. समोर बोर्तोलिनबाई नळी धरून जिरेनियमच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. आमच्या रस्त्यावर एखादी गोष्ट सगळ्यांना कळवायची असेल तर बोर्तोलिनबाईंना सांगितलेलं पुरतं. पाद्रीबाबाही तेच करतात.

"नको, नको, नको," लोरेदाना माझा दंड आवळत पुटपुटली.

"बाई," देनिसचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, "उद्या माझी पदवी नाही. तीन वर्षं मी सगळ्यांशी खोटं बोललो. हे उद्यासाठी केले होते. घ्या ना."

बोर्तोलिनबाईंनी नळ बंद केला. त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग एक गोळा उचलून तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"यात अंडं नाही."

"नाही."

"थर?"

"तेही नाहीत."

"तुझ्या आईला वेड लागलंय," त्या म्हणाल्या आणि दुसरा घेतला. "अजून कुणाकुणाला माहितीये?"

"घरचे सोडून तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय."

बाईंचा चेहरा असा उजळला की मारिकाच्या पदवीलाही उजळला नसेल. "बिचारा माझा पोरगा," असं म्हणत त्यांनी अख्खा ट्रेच काढून घेतला आणि लगबगीने घरात गेल्या. अर्धी जिरेनियम कोरडीच राहिली. दोन मिनिटांत त्यांच्या खिडकीतून फोनवरचं बोलणं ऐकू यायला लागलं.

लोरेदाना खुर्चीवर कोसळली. "मारलं याने मला. नॉर्मा, भर रस्त्यात मारलं. आता मी दुकानात कोणत्या तोंडाने जाऊ?"

मी हे तिला हळुवारपणे सांगायला हवं होतं. मला हळुवार जमत नाही.

"सोमवारी तो गाडी घेऊन पियावेच्या पुलावर गेला होता," मी म्हणाले. "बराच वेळ उभा होता."

लोरेदानाला समजायला थोडा वेळ लागला. मग तिच्या चेहऱ्यावरून दुकान गेलं, पाहुणे गेले, बोर्तोलिनबाई गेल्या. उरली फक्त माझी धाकटी बहीण. लहानपणी ताप चढला की ती अशीच दिसायची.

"सोमवारी मी त्याला मुकुटाचे फोटो पाठवत होते," ती म्हणाली. "दिवसभर."

देनिस रिकाम्या हातांनी परत आला. आई ओरडेल म्हणून तो दारातच थांबला. मीही तयारीत होते. ओरडली असती तर तिला गप्प करायला मी होते.

ती ओरडली नाही. तिने हातमोजे काढले, समोरची खुर्ची ओढली आणि त्याला बसायची खूण केली.

"किती परीक्षा राहिल्यात?"

सहा वर्षांत हा प्रश्न तिने पहिल्यांदा विचारला होता. तो बसला. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली.

"अकरा."

"कोणकोणत्या?"

देनिसने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं, कारण मला रडू येत होतं आणि ते कुणाला दाखवायची मला सवय नाही. मागे त्याने पहिल्या विषयाचं नाव घेतलं. लांबलचक होतं. लोरेदानाने ते म्हणून बघितलं, मधेच अडखळली, आणि म्हणाली, "थांब, पुन्हा सांग. सावकाश."