पाच फेऱ्या

"बाई, आज मला शिक्षा नाही का?"

वर्गात खसखस पिकली. शेजारच्या चष्मिसने रुमाल तोंडात कोंबला. पैज तिनेच लावली होती, विचारून दाखव म्हणून. भिंगरीने विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.

वही विसरली की मैदानाला पाच फेऱ्या, हा वर्गबाईंचा नियम. तो सगळ्यांसाठी होता, पण आठवड्यातून चारदा तरी भिंगरीच्याच वाट्याला यायचा. मैदानाच्या कडेचं गवत तिनेच संपवलं, असं वर्ग म्हणे. आणि आता पंधरा दिवस झाले, ती वह्या विसरतच होती, पण तिला बाहेर कुणी पाठवत नव्हतं.

बाईंनी डोळे चोळले. तास पहिला होता, चेहरा शेवटच्या तासाचा.

"तुझी शिक्षा बंद. तुझ्या बाबांचं पत्र आलंय. बस."

भिंगरी बसली. पत्राचं तिला कुणी बोललंच नव्हतं.

"मेलो आपण," चष्मिस कुजबुजली. "अगं, तू पळून आलीस की तुझी गणितं बरोबर येतात. मी तुझंच बघून लिहिते. पंधरा दिवस माझीपण चुकतायत!"

भिंगरी हसली, मग तिचं हसू विरलं. सोमवारी चाचणी होती. त्यात नापास झाली तर तिची तुकडी बदलणार होती, आणि चष्मिस इथेच राहणार होती.

पुढचा तास गणिताचा. सर फळ्यावर काहीतरी मांडत होते. ती बघत होती पंख्याकडे, खिडकीच्या कडीकडे, पुढच्या मुलीच्या वेणीतून सुटलेल्या केसांकडे. फळा पुसला गेला तेव्हा तिने पेनाचं टोपण उघडलं.

संध्याकाळी बाबा शिलाई मशीनवर कुणाच्यातरी पँटची उंची कमी करत होते. आई नुकतीच इस्पितळातून आली होती. वॉर्डात दिवसभर उभी राहणारी नर्स, घरी आली की कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून डोळे मिटायची.

"बाबा, शाळेत पत्र दिलंत तुम्ही?"

मशीन थांबलं.

"कळलं होय? तीन कागद फाडले मी. मनासारखं उतरेचना. शेवटी आईने सांगितलं तसं लिहिलं."

"डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलाय, लक्षच टिकत नाही तिचं, तरी विसरली म्हणून पोरीला उन्हात पळवायचं?" आई डोळे न उघडता म्हणाली. "आजाराची कुठे शिक्षा असते? तू आता निवांत बसून अभ्यास कर. नुसतं बसायला मिळणं म्हणजे काय सुख असतं, तुला नाही कळायचं."

भिंगरीने बादलीत पाहिलं. आईच्या घोट्यांवर मोज्यांचे वळ उठले होते. मग तिने पुस्तक उघडलं.

एका टाकीला दोन नळ होते. एक भरणारा, एक रिकामी करणारा. तिने गणित वाचलं. पुन्हा वाचलं. सातव्यांदा वाचताना टाकी कुणी बांधली आणि दोन्ही नळ एकदम सोडणारा हा शहाणा कोण, हे तिच्या डोक्यात होतं, आकडे नव्हते. पाय हलायला लागला. टेबल हललं.

"पाय," आई म्हणाली.

पाय थांबला. बोटं सुरू झाली.

"बोटं," बाबा म्हणाले.

तासभर असं चाललं. आईचा थकवा पायांतून पाण्यात उतरत होता आणि भिंगरीचा बसल्या जागी वर चढत होता. दिवसभर काहीच न करता इतकं दमायला कसं होतं? सकाळची गोळी घेतली होती, तीही दमली असावी. वहीवर एक टाकी काढून झाली होती, झाकणासकट.

ती उठली. "आलेच," म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

चार मजले खाली, चार मजले वर. दुसऱ्या खेपेला खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दार किलकिलं करून "काय हरवलं गं?" असं विचारलं. "सापडतंय आजोबा!" ती जाता जाता ओरडली. पाच खेपा झाल्या तेव्हा कानशिलं तापली होती, छाती धपापत होती, आणि डोक्यातला बाजार उठून सगळं शांत झालं होतं.

आत आली ती थेट वहीवर वाकली. आईने एक डोळा उघडला. बाबांनी दातांनी दोरा तोडला आणि नवा ओवायचं विसरून बघत राहिले. पाय हलत नव्हता.

थोड्या वेळाने तिने वही त्यांच्यासमोर धरली. बाबांनी पुस्तकामागची उत्तरं काढून एकेक बोट ठेवत ताडून पाहिली. चारातली तीन बरोबर होती. त्यांनी वही आईकडे दिली. ओल्या हाताने कागद भिजू नये म्हणून आईने आधी हात पुसले.

बादलीतलं पाणी गार झालं होतं, तरी आईने पाय काढले नव्हते.

"मी ठरवलंय," भिंगरी म्हणाली. आवाज जरा मोठाच लागला, तिने तो खाली आणला. "बाबा, तुमचं पत्र उद्या मी बाईंकडून परत मागून आणणार. आणि आई, पाच फेऱ्या रोज मारणार, गणिताच्या आधी. वही नेली तरी."